सगळेच हेमाडपंती?

आमच्या जिंतूर तालुक्यातल्या चारठाण्याची जुनी देवळे बघणारा 'हेमाडपंती' म्हणतो आणि मोकळा होतो. हेमाद्री पंडित तेराव्या शतकातले, देवगिरीच्या महादेव व रामचंद्र यादवांचे मंत्री. अंबरनाथचे शिवमंदिर मात्र शिलालेखानुसार शके ९८२ चे, म्हणजे इ.स. १०६० चे. पंतांनी जन्माआधीच देवळे बांधली काय? शैलीचे नाव आहे म्हणाल, पण त्या एका नावाखाली चुन्याविना दगडावर दगड बसवणारे पाथरवट, दगड वाहणारे, दान देणारे, सारे पुसले गेले. नाव मिळाले की प्रश्न संपतो. प्रश्न संपला की कोपऱ्यात पडलेली शिळा कुणी मोजत नाही. गुरुजनहो, सहलीत पोरांना आधी शतक विचारा, बांधणारे कोण ते विचारा. पंतांचे नाव नंतर.