विसरण्यासाठी प्यालेली दारू

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेशविसर्जन आटोपून गावे झोपी गेली असता, लातूर व उस्मानाबाद (आजचे धाराशिव) जिल्ह्यांतील किल्लारी-सास्तूरचा परिसर काही सेकंदांत जमीनदोस्त झाला. आठ हजारांच्या आसपास माणसे दगडमातीच्या भिंतींखाली गेली. पुढे बावन्न गावे नव्या जागी वसविण्यात आली. पडलेल्या घरांचा पंचनामा झाला. मनाच्या पडझडीचा पंचनामा करण्याचा नमुना महसूल खात्यापाशी नव्हता.

भरपाईची रक्कम पुरुषांनी दारूत उडविली, अशी टीका तेव्हा झाली. टीकाकारांनी एक प्रश्न मात्र टाळला. ढिगाऱ्यातून स्वतःची लेकरे उपसून काढलेला माणूस पीत होता तो कशासाठी?

असह्य आघात झाला की मन स्वतःला तोडून घेते. आपण आपल्याच देहाबाहेर उभे आहोत, भोवतालचे जग खोटे आहे असे वाटते; कधी आठवणीचा एक तुकडाच गळून पडतो. मानसोपचारशास्त्र याला विच्छेदन म्हणते. काहींचे हे तुटलेपण दीर्घकाळ टिकते. तो मग दारूकडे वळतो, कारण दारू तेच काम विकत करून देते. पण भरपूर प्यालेल्या मेंदूत आठवण मुळात नोंदलीच जात नाही, झोप मोडते, भीती दुणावते आणि तुटलेपण अधिक खोल जाते. दारूने आलेले विस्मरण कोणते व आघाताचे कोणते, हे मग जाणत्या डॉक्टरालाही माणूस काही काळ दारूपासून दूर राहिल्यावरच सांगता येते.

गावाला तर ते मुळीच ओळखता येत नाही. अंगात येणे नांदेड-लातूरकडे कोणाला नवलाचे नाही. रोज पिणाऱ्याने एकाएकी दारू सोडली तर दोन ते चार दिवसांत त्याला नसलेली माणसे दिसू लागतात, हात थरथरतात, तो बरळतो. घरचे त्याला भगताकडे नेतात. ही अवस्था प्राणघातक ठरू शकते, आणि तिच्यावर रुग्णालयात साधे, स्वस्त उपचार आहेत.

उपचार आहेत, पण कोठे? राज्याची चार जुनी मनोरुग्णालये ठाणे, पुणे, नागपूर व रत्नागिरीत आहेत. मराठवाड्याच्या वाट्याला त्यांतले एकही आले नाही. मद्यसेवनास आळा घालण्याचा प्रयत्न राज्याने करावा, असे संविधानाचे ४७ वे कलम सांगते. आणि जून २०२५ मध्ये मद्यावरील कर वाढविताना चौदा हजार कोटींच्या वाढीव महसुलाची अपेक्षा शासनाने धरली. त्यातला किती पैसा नांदेड व लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांतील मानसोपचार विभागांच्या खाटांवर खर्च होणार, हे विधिमंडळात विचारले गेले पाहिजे.

कार्यकर्त्यांकडेही एक काम उरते. आडव्या बाटलीसाठी गावोगावच्या स्त्रिया मतदान घडवून आणतात, निम्म्याहून अधिक मतदारांचा कौल मिळवून दुकान बंद पाडतात. हा विजय मोठाच आहे. परंतु दुकानाला कुलूप लागल्यावर तिसऱ्या दिवशी गावातील जुन्या पिणाऱ्याचे हात थरथरू लागतील, हे मतदानाआधीच ध्यानी घ्यावयास हवे. मिरवणुकीच्या तयारीबरोबरच अशा माणसांच्या घरी जाऊन बोलावे, प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना तारीख कळवावी, जिल्हा रुग्णालयापर्यंतच्या वाहनाची सोय लावून ठेवावी.