नाणं काळं पडलं म्हणून खोटं होत नाही!

काळपट पाच रुपयांचं नाणं पुढे केलं की दुकानदार ते दोन बोटांत धरून असं बघतो, जणू आपण रात्री घरी टाकसाळ चालवतो! मग ठरलेलं वाक्य, ‘दुसरं द्या.’ मित्रहो, आपण इथे मटेरियल सायन्सचा पेपर देतो (काहीजण दोनदोनदा देतात). निदान आपण तरी हे हसून सोडून देऊ नये.

पिवळं पाचचं नाणं निकेल-ब्रासचं असतं. ७५ टक्के तांबं, २० टक्के जस्त, ५ टक्के निकेल. म्हणजे देवघरातल्या समईचं जवळचं नातेवाईकच. समई घासली नाही तर काळवंडते, मग नाण्याने काय पाप केलं? घाम आणि दमट हवेने तपकिरी ऑक्साइड चढतं. रबरबँडमधल्या गंधकाशी गाठ पडली की सल्फाइड होऊन काळं, मिठाच्या ओलीत राहिलं की हिरवट. खरी गंमत गुलाबी नाण्याची! आम्लात पडून राहिलं की वरच्या थरातलं जस्त निघून जातं आणि तांबं मागे उरतं. हेच ते डीझिंकिफिकेशन. तेव्हा नाणी चिंचेत रात्रभर भिजत घालणाऱ्यांनो, जरा जपून.

एक-दोनची नाणी फेरिटिक स्टेनलेस स्टीलची. त्यांच्यावर सोनेरी-निळी छटा दिसली तर नाणं आगीत तापलेलं समजा. वर्कशॉपमध्ये वेल्डच्या कडेला दिसते तीच ही छटा.

लोकांना तरी किती दोष द्यायचा? पाचचं नाणं १९९२ साली पांढरं, जाडजूड, ९ ग्रॅमचं आलं. २००७ ला ते स्टीलचं झालं, २००९ ला पिवळं. तिन्ही वैध! दहाच्या नाण्याची तर १४ डिझाइन्स, आणि ती सगळी चालतात हे रिझर्व्ह बँकेला जानेवारी २०१८ मध्ये जाहीर करावं लागलं.

फटका मात्र गेटबाहेरच्या भाजीवाल्या मावशींना. अशी आठ-दहा नाणी त्या डब्यात वेगळी ठेवतात, कारण मार्केटातला व्यापारी घेत नाही. म्हणजे चाळीस-पन्नास रुपये अडकलेच. ‘मावशी, चालतं हे,’ म्हटलं तर म्हणाल्या, ‘तुला चालतं रे बाबा, त्याला नाही चालत.’

रंग सोडा, ठसा बघा, कडा बघा. २००९ ला आलेलं पिवळं पाचचं नाणं ६ ग्रॅमचं, २३ मिलिमीटरचं. फिजिक्स लॅबमध्ये व्हर्नियर पडलाच आहे. मी मावशींची नाणी नोट देऊन घेतो आणि कँटीनमध्ये चहाला देतो. कँटीनवाला कुरकुरला की वरचं सगळं लेक्चर त्याला ऐकवतो. हल्ली तो मुकाट्याने घेतो.