शताब्दी गायकाची आणि ग्रंथाची

गेल्या काही वर्षांत हिंदुस्थानी संगीताच्या क्षेत्रात शताब्दींची रीघ लागली. पं. भीमसेन जोशी यांचा जन्म ४ फेब्रुवारी १९२२चा आणि पं. कुमार गंधर्व यांचा ८ एप्रिल १९२४चा. या दोघांच्या जन्मशताब्दीच्या निमित्ताने महाराष्ट्रात मैफली झाल्या, व्याख्याने झाली, आठवणींचे लेख निघाले. ज्यांच्या स्वरांनी दोन-तीन पिढ्यांचे कान घडवले, त्यांचे स्मरण करण्यात गैर काही नाही. प्रश्न आहे तो आपण शताब्दी कशाची मानतो, हा.

जन्मशताब्दी ही व्यक्तीची असते. संगीताच्या इतिहासातील पुष्कळशी वळणे मात्र जन्मतारखेला बांधलेली नसतात. ख्याल अमुक दिवशी जन्माला आला असे कोणी सांगू शकत नाही. कुमारांच्या बाबतीतही पाहावे. देवासला क्षयाच्या आजाराने त्यांचे गाणे काही वर्षे थांबले. त्या काळात माळव्याची लोकगीते कानांवर पडत राहिली, आणि पुढे आले ते गाणे पूर्वीचे राहिले नाही. ही त्यांच्या गायकीतील मोठी घडामोड; पण तिला तारीख नाही, म्हणून तिची शताब्दीही नाही. मौखिक परंपरेत असे घडणारच. म्हणूनच या परंपरेत ज्या मोजक्या घटनांना निश्चित साल आहे, त्यांचे मोल अधिक मानले पाहिजे. १९०२ साली कलकत्त्यात गौहरजानचे गाणे ध्वनिमुद्रित झाले, ही त्यांपैकी एक. दुसरी घटना १९१० सालची आहे, आणि तिचा संबंध थेट मराठी भाषेशी आहे.

त्या वर्षी पं. विष्णु नारायण भातखंडे यांच्या ‘हिंदुस्थानी संगीत पद्धति’ या ग्रंथाचा पहिला भाग प्रसिद्ध झाला. चौथा आणि अखेरचा भाग यायला १९३२ साल उजाडले. उत्तर हिंदुस्थानातील रागसंगीताची दहा थाटांत मांडणी करणारा, राग-रागाची लक्षणे तपासणारा, जुन्या संस्कृत ग्रंथांची चालू गायनाशी पडताळणी करणारा हा हजारो पृष्ठांचा ग्रंथ मराठीत लिहिला गेला. पुढे हाथरसच्या संगीत कार्यालयाने त्याचा हिंदी अनुवाद प्रसिद्ध केला आणि उत्तरेकडील विद्यार्थ्यांनी तो अनुवादातून अभ्यासला. म्हणजे ज्या ग्रंथाने या देशातील संगीतशिक्षणाची चौकट ठरवली, त्याची मूळ भाषा आपली आहे. तरीही मराठी वाङ्मयाच्या अभ्यासक्रमात तो सहसा आढळत नाही. तो ‘संगीताचा’ ग्रंथ म्हणून दुसऱ्या विभागाच्या कपाटात राहतो.

आम्ही मराठीचे अध्यापक. संगीतशास्त्रातील वादांचा निवाडा करणे हे आमचे काम नव्हे. परंतु हा ग्रंथ ज्या रीतीने लिहिला आहे, ती रीत निश्चितच आमच्या विषयाच्या कक्षेत येते. तो गुरु-शिष्यांच्या संवादाच्या रूपात आहे. शिष्य विचारतात, अडतात, आधी सांगितलेल्याशी विसंगत काही दिसले तर तसे बोलून दाखवतात. गुरु उत्तर देतात आणि काही ठिकाणी ते तात्पुरतेच आहे असेही सुचवतात. शिवाय यातील कर्तृत्वाचा प्रश्न मोठा चमत्कारिक आहे. भातखंडे यांनी संस्कृतात ‘श्रीमल्लक्ष्यसंगीतम्’ लिहिले ते ‘चतुर पंडित’ या नावाने, आणि मराठी ग्रंथ लिहिला तो ‘विष्णुशर्मा’ या नावाने. मग मराठी ग्रंथात चतुर पंडिताचे मत एखाद्या स्वतंत्र शास्त्रकाराचे असावे तसे पुढे येते. एकच लेखक एका नावाने शास्त्र रचतो आणि दुसऱ्या नावाने त्यावर बोलतो. कथनमीमांसेच्या तासाला आपण पाश्चात्त्य कादंबऱ्यांतून जे शोधत असतो, ते येथे एका शास्त्रग्रंथात समोर ठेवलेले आहे.

यावर आक्षेप येईल की, शास्त्रग्रंथ म्हणजे ललित साहित्य नव्हे. आक्षेप रास्त आहे. पण मराठी गद्याचा इतिहास शिकवताना आपण तो पाळत नाही. लोकहितवादींची शतपत्रे आपण शिकवतो. जोतीराव फुले यांचे ‘गुलामगिरी’ (१८७३) हे जोतीराव आणि धोंडीबा यांच्या संवादाच्या रूपात आहे, आणि त्या संवादरूपाची चर्चा केल्यावाचून त्याचे अध्यापन पुरे होत नाही. वाद घालणारे, पटवून देणारे गद्य हे आपल्या भाषेचे मोठे धन आहे. त्या परंपरेत भातखंडे यांचा संवाद का बसू नये?

मात्र हा ग्रंथ वाचायचा तो भक्तिभावाने नव्हे. भातखंडे पेशाने वकील होते. पुरावा मागणे हा त्यांचा स्वभाव. चालू गायनाला ग्रंथाचा आधार नाही, उस्तादांना शास्त्र सांगता येत नाही, अशी त्यांची तक्रार होती. पण ज्या बंदिशी त्यांनी स्वरलिपीत उतरवून ‘क्रमिक पुस्तकमालिके’त छापल्या, त्यांतील कितीतरी त्यांना मिळाल्या त्या त्याच उस्तादांच्या घराण्यांतून. जानकी बखले यांनी ‘टू मेन अँड म्युझिक’ (२००५) या इंग्रजी ग्रंथात भातखंडे आणि पलुस्कर यांच्या कार्याची चिकित्सा करताना, संगीताच्या या आधुनिकीकरणात मुसलमान उस्तादांचे स्थान कसे आकसत गेले, हा प्रश्न मांडला. त्यांची सर्व मते मान्य करावीत असे आम्ही म्हणत नाही. पण या प्रश्नाची तड लावायची तर मूळ मराठी ग्रंथ वाचावा लागेल. त्यातील गुरु कोणाविषयी कोणत्या सुरात बोलतो, शिष्याच्या तोंडी कोणता प्रश्न येतो आणि कोणता येतच नाही, हे ओळखण्याचे काम भाषेच्या अभ्यासकाचे आहे.

भातखंडे यांच्या पुढाकाराने लखनौ येथे मॅरिस कॉलेज स्थापन झाले ते १९२६ साली. म्हणजे २०२६ हे त्या संस्थेच्या शताब्दीचे वर्ष. या निमित्ताने तसबिरीला हार घातला जाईल आणि त्यांना ‘ऋषितुल्य’ म्हटले जाईल, यात शंका नाही. ज्या लेखकाने आपला सर्वांत मोठा ग्रंथ प्रश्नोत्तरांत लिहिला, त्याच्या स्मरणात एकही प्रश्न नसावा, याहून मोठी विसंगती कोणती?

आमची सूचना साधी आहे. मराठीच्या पदव्युत्तर वर्गात निबंध, पत्र आणि संवाद हे गद्यप्रकार शिकवताना ‘हिंदुस्थानी संगीत पद्धति’च्या पहिल्या भागातील एक प्रकरण वाचायला लावावे. रागांची नावे अडली तर संगीत विभागातील सहकाऱ्यांना वर्गात बोलवावे. त्या निमित्ताने दोन विभागांचे दरवाजे एकमेकांसाठी उघडतील. विद्यार्थ्यांनी गुरूच्या उत्तरांवर टिपणे काढू नयेत. शिष्यांनी न विचारलेले प्रश्न त्यांनी लिहून आणावेत.