‘रिपीट’चं वर्ष परवडतं कुणाला?

नीटचा निकाल लागला आणि नंबर हुकला की परभणीतल्या घराघरांत एकच विषय असतो: रिपीट करायचं का? नातेवाईक जिद्दीचे दाखले देतात, क्लासेसचे फलक लातूर-नांदेडची वाट दाखवतात. पुन्हा परीक्षेला बसण्यात काहीच गैर नाही. पण हा नुसता जिद्दीचा मामला आहे, असं समजणं चूक आहे. तमिळनाडू सरकारने नेमलेल्या न्या. ए. के. राजन समितीचा २०२१ चा अहवाल पाहा. बारावीच्या गुणांवर प्रवेश होत होते तेव्हा, २०१६-१७ मध्ये, तिथे एमबीबीएसला लागलेल्यांत रिपीटर १२.४७ टक्के होते. नीट आल्यावर, २०२०-२१ मध्ये, ते ७१.४२ टक्के झाले. ते सरकार नीटच्या विरोधातलं आहे हे लक्षात घेतलं तरी एवढी मोठी तफावत झटकून टाकता येत नाही. जादाचं वर्ष हा आता प्रवेशाचाच भाग झाला आहे, आणि ते विकत घ्यावं लागतं.

ते विकत घेण्याची वेळही अशी की, निकाल साधारण जूनमध्ये लागतो. म्हणजे सोयाबीन-कापसाच्या पेरणीसाठी बी-खताची जुळवाजुळव चालू असताना क्लासची फी, खोलीचं भाडं आणि मेसचे पैसे भरायचे. ज्याचे आईवडील नोकरीत आहेत तो भरतो. कोरडवाहू शेतकऱ्याचा मुलगा ‘आता बस’ म्हणतो, आणि त्याच्या बहिणीला तर बहुतेक वेळा विचारतही नाहीत. आठ लाखांच्या आतल्या उत्पन्नाच्या घरातल्या पात्र मुलींना सरकारने २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी माफ केली, पण ती प्रवेश मिळाल्यावर. महाज्योतीचं मोफत नीट प्रशिक्षण आहे, तेही दहावीनंतर विज्ञान शाखेत गेलेल्यांसाठी. रिपीटच्या वर्षात मदतीचा हात नेमका आखडतो. परभणीत २०२३ मध्ये १०० जागांचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं, हे खरं. मात्र ७०:३० चा प्रादेशिक कोटा २०२० मध्ये रद्द झाला (तशी मागणी मराठवाड्याचीच होती, आणि ती रास्त होती), त्यामुळे इथल्या जागांवर इथल्या मुलांचा वेगळा हक्क नाही. कॉलेज जवळ आलं, गुणवत्ता यादी होती तिथेच आहे.

यावर काहींचं म्हणणं, प्रयत्नांवरच मर्यादा घाला. जेईई मेनला आहे तशी. नीटला ती नाही आणि कमाल वयाची अटही २०२२ मध्ये निघाली. पण मर्यादा घातली तर फटका त्यांनाच बसेल, ज्यांची एनसीईआरटीच्या पुस्तकांशी पहिली गाठ अकरावीत पडते. शहरातलं मूल आठवीपासून फाउंडेशन कोर्स करत असतं. जिल्हा परिषद शाळेतून आलेल्याचा पहिला प्रयत्न पुष्कळदा परीक्षा ओळखण्यातच जातो. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: नापास झालेल्यांवर जनतेचा पैसा का घालवायचा? मुळात नीटमध्ये पात्र ठरूनही लाखो मुलांना जागा मिळत नाही. त्यांना नापास म्हणणं बरोबर नाही. तरीही सगळ्यांनी रिपीट करावं असं नाही. बायोलॉजीत ३६० पैकी ३०० मिळवून फिजिक्सच्या १८० मध्ये ५० वर अडकलेल्या मुलाचं दुखणं ठरावीक आहे. ४५ प्रश्नांचा तो विषय वर्षभरात सावरता येतो. तिन्ही विषयांत सारखाच मागे असलेल्याला मात्र नर्सिंग, फार्मसी किंवा परभणीतच कृषी विद्यापीठ आहे हे वेळेत सांगणारं कुणीतरी हवं. क्लासवाला ते सांगणार नाही. त्याचं पोट त्यावरच आहे. शिवाय हिशेब गुणांचा नको, रँकचा हवा. २०२४ मध्ये सुधारित निकालानंतरही १७ जणांना पैकीच्या पैकी ७२० होते, २०२५ मध्ये देशात पहिल्या आलेल्याला ६८६. गेल्या वर्षीच्या कटऑफकडे बघून ‘थोडक्यात हुकलं’ म्हणणाऱ्यांची फसगत होते ती इथेच.

म्हणून मागणी मर्यादित आहे. जिल्हा नियोजन समितीच्या निधीतून परभणीत रिपीटरांची एक मोफत निवासी बॅच चालवावी. निवड आधीच्या नीटमधली रँक आणि घरचं उत्पन्न यांवर व्हावी, निम्म्या जागा मुलींना असाव्यात, आणि ही मदत एकदाच मिळावी. शिकवायला माणसं कुठून आणायची, हा प्रश्न अवघड नाही. पुण्यात बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी ‘लिफ्ट फॉर अपलिफ्टमेंट’मधून गरीब मुलांना नीटसाठी मोफत शिकवून दाखवलं आहे. परभणीतही आता एमबीबीएसचे विद्यार्थी आहेत, आणि त्यांच्यात रिपीट करून आलेले थोडे नसतील.