चहा कुठल्या कपात?

गेल्या महिन्यात वर्ग सुटल्यावर पार्किंगमध्ये आम्हा पालकांची एक छोटी परिषदच भरली होती. विषय होता, नवीन घर बांधणाऱ्या कामगारांना टिप द्यावी की नाही. एका कुटुंबाच्या घराचा पाया नुकताच ओतून झाला होता. कोणी म्हणाले, माणशी वीस डॉलर द्या. कोणी म्हणाले, त्यांना पगार मिळतो, काही देऊ नका. वारा वाढला, मुले कुरकुरू लागली आणि परिषद निर्णयाविना संपली. म्हणून आमचे मत या अंकात मांडत आहोत. या परीक्षेत आम्ही स्वतः दोनदा नापास झालो आहोत, हे आधीच कबूल करतो.

पहिली गोष्ट आमचे घर बांधले जात होते तेव्हाची. लाकडी सांगाडा उभा राहत होता आणि पारा उणे वीसच्या खाली होता. आम्ही दिवसभर उबदार ऑफिसात संगणकापुढे बसणारे. आमच्या कामात चूक झाली तर ती पुसून पुन्हा लिहिता येते. ही माणसे त्या वाऱ्यात शिडीवर उभी राहून खिळे ठोकत होती. आम्हाला अगदी भरून आले. टिम हॉर्टन्समधून कॉफीचा मोठा खोका आणि टिमबिट्स घेतले, एका पाकिटात थोड्या नोटा घातल्या आणि साइट सुपरवायझरची परवानगी घेऊन, हेल्मेट घालून तिथे पोचलो. घर आपले असले तरी ताबा मिळेपर्यंत जागा बिल्डरची असते, हे नव्या मंडळींनी लक्षात ठेवावे.

कॉफी पाच मिनिटांत संपली. पाकीट मात्र टोळीच्या पंजाबी मुकादमाने हसत हसत परत केले. हिंदीत म्हणाला, "मजुरी आम्हाला मिळते. तुम्ही फक्त कंपनीला चार ओळी लिहा, काम आवडले म्हणून."

परतताना गाडीत विचार केला तेव्हा आमचे आम्हालाच कळले. त्या पाकिटात कौतुक होते, तशीच एक विनवणीही होती, की आमच्या घराकडे जरा जास्त लक्ष द्या. आपल्या भाषेत यासाठी एक शब्द आहे, चहापाणी. घरी आलेल्या माणसाचे आपण चहापाणी करतो, आणि कचेरीत अडलेली फाइल हलावी म्हणूनही 'चहापाणी' द्यावे लागते. शब्द एकच, पण पहिल्यात आपुलकी आहे आणि दुसऱ्यात सौदा. आमचे पाकीट दुसऱ्या प्रकारचे होते.

इथे रेस्टॉरंटमध्ये पंधरा ते वीस टक्के टिप देण्याची पद्धत आहे. न्हाव्याला, टॅक्सीवाल्यालाही देतात. इलेक्ट्रिशियन किंवा प्लंबर यांच्या बाबतीत तशी रूढी नाही. अल्बर्टात इलेक्ट्रिशियन व्हायला चार वर्षे उमेदवारी करावी लागते, दरवर्षी वर्गात बसून शिकावे लागते, परीक्षा द्याव्या लागतात. आपल्या शहरातली १९१६ साली सुरू झालेली 'सेट' ही संस्था असे कारागीर घडवते. आपण इंजिनियर आहोत, तसे तेही आपल्या विद्येचे पैसे घेतात. आम्हाला कामावर कोणी वीसची नोट देऊ केली तर कसे वाटेल?

मग चहाचे काय? इथे आमची दुसरी गोष्ट.

ताबा मिळाल्यावर आम्ही बेसमेंटचे काम काढले. इलेक्ट्रिशियन आले, मग ड्रायवॉलवाले आले. त्यांतला एकजण पायांना उंच काठ्या बांधून छताचे सांधे भरत होता, त्यामुळे मुलांची चांगली करमणूक झाली. आम्ही आल्याचा चहा केला आणि सवयीने कपाटातून कागदी कप काढले. आपल्याच वर्गात येणारी आमची लेक म्हणाली, "पाहुणे आले की आपण निळे कप काढतो ना? मग यांना हे का?" आम्ही म्हणालो, "अगं, धुवायला नकोत म्हणून." आमचा डिशवॉशर तेव्हा रिकामाच होता.

१९९० च्या सुमारास आमच्या वडिलांनी गावी घर बांधले. चौकट बसली त्या दिवशी पूजा झाली, गवंड्याला टॉवेल-टोपी आणि नारळ दिला. स्लॅब पडला त्या रात्री सगळ्या मजुरांना जिलबीचे जेवण झाले. मोठ्या मनाचे घर म्हणून नाव झाले. पण रोजच्या चहासाठी बाहेरच्या कोनाड्यात कान तुटलेले चार कप वेगळे ठेवलेले असत. घमेली वाहणाऱ्या बायका चहा पिऊन आपला कप आपणच विसळून पालथा ठेवीत. घरातले कोणी त्या कपांना हात लावत नसे. त्यात काही वावगे आहे असे कोणाला वाटतही नसे.

मुलांनो, ते कप वेगळे का होते हे तुम्हाला सांगायला हवे. आपल्याकडे जातीवरून माणसांना वरचे-खालचे ठरवीत, आणि ज्यांना खालचे ठरवले त्यांच्या स्पर्शाने भांडे किंवा पाणी बाटते असे मानीत. महाडच्या चवदार तळ्याचे पाणी गुरेढोरे पीत, पण या माणसांना तिथे मज्जाव होता. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्या तळ्याचे पाणी प्यायले आणि त्यांच्यामागून हजारो लोक प्यायले. १९५० साली भारताची राज्यघटना लागू झाली आणि तिच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता बंद केली. त्यानंतर चाळीस वर्षांनीही आमच्या कोनाड्यात ते चार कप होते. आणि कॅल्गरीला येताना तो कोनाडाही आम्ही सामानात बांधून आणला होता, असेच म्हणायचे.

त्या दिवशी निळे कप काढले. सगळे बेसमेंटच्या जिन्यावर बसून चहा प्यायले, आम्हीही तिथेच बसलो.

काही पालक म्हणतील, कागदी कपाचा एवढा बाऊ कशाला? साइटवर पंधरा माणसे असली तर कागदी कपच सोयीचे. अगदी कबूल. साइटवर आम्हीही त्यांच्याबरोबर कागदी कपातूनच कॉफी प्यायलो होतो. आपल्या शहरात १९२३ पासून स्टॅम्पीडच्या दिवसांत फुकट पॅनकेक वाटतात. तिथे कंपनीचा मालक आणि झाडूवाला एकाच रांगेत उभे राहतात, एकाच तऱ्हेच्या कागदी ताटलीत खातात. आमची तक्रार दोन तऱ्हेच्या कपांविषयी आहे.

आता आमचे मत थोडक्यात. सर्वांत आधी मजुरी, आणि तीही वेळेवर. जून २०२० आणि ऑगस्ट २०२४ मधल्या गारपिटीनंतर शहरात कितीतरी घरांची छपरे बदलावी लागली. असे काम आपण स्वतः कंत्राटदाराला दिले असेल तर रीतसर बिल हाती आल्यापासून २८ दिवसांत पैसे द्यावेत, असा अल्बर्टाचा कायदा २९ ऑगस्ट २०२२ पासून लागू झाला आहे. पैसे अडकवून डोनट वाटण्यात काही अर्थ नाही.

दुसरे, बाथरूम कुठे आहे ते पहिल्याच दिवशी दाखवावे. भारतातही १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्याने कामाच्या जागी पिण्याचे पाणी आणि शौचालय देण्याची जबाबदारी काम देणाऱ्यावर टाकली होती. कायद्याला जे सुचले ते आपल्या पाहुणचाराला सुचू नये?

तिसरे, चहा-कॉफी जरूर विचारावी, पण आपला प्रसिद्ध आग्रह आवरावा. त्यांना वेळेचे बंधन असते. हातात यंत्रे असताना बिअर तर मुळीच देऊ नये. जर्मनीत छपराचा सांगाडा चढला की घरमालक कारागिरांना जेवण देतो. आपल्या स्लॅबच्या जेवणाचाच हा भाऊ. तसे एखादे दिवशी गरम समोसे न्यायला काहीच हरकत नाही.

आणि पैसे द्यावेसेच वाटले तर काम पूर्ण झाल्यावर, आपले काही मागणे उरले नाही तेव्हा, दिवाळीच्या पोस्तासारखे आनंदाने द्यावेत. त्याबरोबर कंपनीला चार ओळीही लिहाव्यात. त्या मुकादमाच्या सांगण्यावरून आम्ही लिहिल्या होत्या.

ज्यांना हे पटत नाही त्यांनी पुढच्या अंकासाठी जरूर लिहून द्यावे. आणि मुलांनो, पुढच्या वेळी घरी कोणी काम करायला आले की चहा कुठल्या कपात जातो ते बघा. वेगळा कप दिसला तर आईबाबांना कारण विचारा.