आधी पीक, मग विहीर



मुंबईच्या खारदांडा कोळीवाड्यात हळदीला बेंजो वाजवणारा पोरगा असो की आपल्या भजनी मंडळातला, घरीच ध्वनिमुद्रण करावे असे त्याला हल्ली वाटते. मग घरात कर्जाची गोष्ट निघते. जरा थांबा.

ए. आर. रहमान यांचे वडील १९७६ साली वारले. त्यांची वाद्ये भाड्याने देऊन घर चालले. पोर अकराव्या वर्षापासून दुसऱ्यांच्या ताफ्यात वाजवू लागले. मद्रासला घराच्या परसात स्टुडिओ उभा राहिला तो १९८९ साली! आधी जाहिरातींची गाणी झाली. ‘रोजा’ आला १९९२ मध्ये.

यंत्राआधी खोली पाहा. उघड्या पक्क्या भिंतींवर आवाज आदळून घुमतो. जाड गोधड्या, वाकळा टांगल्या की घुमणे बरेच कमी होते. बाहेरचा आवाज मात्र गोधडी अडवीत नाही, मग तो बोटीच्या मशीनचा असो वा आपल्या पंपाचा. त्याला जड भिंत आणि फटी बुजवलेले दार हवे. अंड्यांचे ट्रे चिकटवणे हा खुळेपणा. आवाज अडत नाही, ठिणगीने पेटतात मात्र.

एक बरा माइक, हेडफोन आणि घरातला संगणक एवढ्यावर सुरुवात होते. पुढचे सामान सुपारीच्या पैशातून, एकेक करून घ्यावे.