आधी तोफ, मग विमान

२६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडच्या हवाई तळावर मिग-२१ या लढाऊ विमानाला निरोप देण्यात आला. १९६३ पासून सलग ६२ वर्षे त्याने हवाई दलात नोकरी केली. त्या रात्री आपल्या मेसमध्ये दुसरा विषयच नव्हता. दोन दिवसांत कोणाच्या तरी डोक्यातून कल्पना निघाली की निवृत्त झालेले एक मिग आपल्या शाळेच्या फाटकाजवळ बसवावे. नाक आकाशाकडे, खाली संगमरवरी फलक, रात्री दिवे. अर्जाचा मसुदा प्रेपच्या वेळेत तयार झाला आणि हाउसमधून फिरला. पहिल्या पाच सह्यांत माझी सही आहे.

ती सही मला मागे घ्यायची आहे. कायमची नाही, एका वर्षासाठी. का, ते सांगण्यासाठी हा लेख.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही घरचे सगळे गोव्याला गेलो होतो. बाकीच्यांना समुद्र पाहायचा होता, मला बोगमाळोचे नौदल विमान संग्रहालय. दाबोळी विमानतळाजवळचे हे संग्रहालय १९९८ मध्ये सुरू झाले. आत गेल्यावर मैदानात जुनी विमाने उभी दिसतात, जणू निवृत्त मंडळींचा मेळावाच भरला आहे. विक्रांतवरून उडणारे सी हॉक, पाणबुड्या शोधणारे अलिझे, जागच्या जागी उतरू शकणारे सी हॅरियर. सगळ्यांत मोठे सुपर कॉन्स्टेलेशन, चार इंजिनांचे आणि तीन शेपट्यांचे. हे विमान आधी एअर इंडियात प्रवासी नेत असे, मग हवाई दलात गेले आणि १९७६ मध्ये नौदलात येऊन समुद्रावर टेहळणी करू लागले. एका आयुष्यात तीन गणवेश!

मी पहिला अर्धा तास जे सगळे करतात तेच केले. प्रत्येक विमानासमोर छाती काढून फोटो. मग फोनची बॅटरी संपली आणि मी बघायला लागलो. सी हॉकच्या शेपटीखाली एक आकडा आहे. जहाजावर उतरताना तो आडव्या ताणलेल्या तारेत अडकतो आणि विमान काही मीटरांत थांबते. अलिझेचे पंख मधून वर दुमडतात, कारण जहाजाच्या पोटात जागा कमी. पुस्तकातल्या चित्रात हे दिसते, पण त्या आकड्याजवळ उभे राहिल्यावर कळते की एवढ्याशा लोखंडाच्या भरवशावर माणसे रात्री समुद्रावर उतरत होती.

तिथेच एक कर्मचारी एका विमानाच्या चाकाजवळ बसून फडक्याने काहीतरी पुसत होता. आदल्या रात्री पाऊस पडून गेला होता. मी विचारले, रोज पुसता का? तो हसला. समुद्राचा वारा आहे, मीठ बसते, पुसले नाही तर ते धातू खाते, असे त्याने सांगितले आणि परत कामाला लागला. मी दहा मिनिटे बघत राहिलो. त्या दिवशी तिथे आलेल्या इतर लोकांनी त्याच्याकडे पाहिलेही नाही. मीही बॅटरी संपली नसती तर पाहिले नसते.

परतीच्या प्रवासात एका गावात आमची गाडी चहासाठी थांबली. तिथल्या चौकात एक जुने लढाऊ विमान उभे होते. मी धावतच गेलो. वैमानिकाच्या डोक्यावरची पारदर्शक काच उन्हाने दुधासारखी पांढरी झाली होती. इंजिनाच्या तोंडात कबुतरांचे घरटे. चाकांचे रबर भेगाळलेले, पोटावर खिळ्याने कोरलेली नावे, चौथऱ्यावर पानाच्या पिचकाऱ्या आणि कोचिंग क्लासचे पोस्टर. फलक होता, पण त्यावरचे वर्ष वाचता येत नव्हते. चहावाल्याला विचारले, हे कुठले विमान? तो म्हणाला, "पाकिस्तानचं पाडलेलं असेल." विमान आपलेच होते, पंखावर तिरंगी वर्तुळ अजून पुसट दिसत होते.

आता ही दोन दृश्ये शेजारी ठेवा. बोगमाळोचा तो फडकेवाला आणि हा चौक. आपल्या फाटकाजवळचे मिग यांपैकी कशाकडे जाईल?

विमान बहुतांशी अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचे असते. लोखंडासारखा त्याला तांबडा गंज चढत नाही, म्हणून आपल्याला वाटते की त्याला काही होत नाही. पण जिथे अॅल्युमिनियमला पोलादी स्क्रू टेकतो आणि दोघांमध्ये खारट ओल शिरते, तिथे आपल्या विज्ञानाच्या पुस्तकातला विद्युतघट तयार होतो आणि अॅल्युमिनियम झिजू लागते. पाणी निघून जाण्यासाठी विमानाच्या पोटाला बारीक छिद्रे असतात. ती घरट्याच्या काड्यांनी बुजली की पाणी आत साचते. हवा कमी झालेल्या टायरवर वर्षानुवर्षे वजन राहिले तर तो बसतो, म्हणून विमानाचा भार टेकूंवर घ्यावा लागतो. उडणारे विमान उतरल्याबरोबर तपासले जाते. उभ्या विमानाकडे कोणी बघत नाही, त्यामुळे ते उभ्या उभ्या मरते.

घरी मरोद्याला आल्यावर मी हे सगळे बाबांना सांगितले. बाबा भिलाई पोलाद कारखान्यात आहेत. मी तावातावाने म्हणालो, "इतकी वाईट अवस्था करण्यापेक्षा ते विमान भट्टीत घातलेलं बरं!" बाबा म्हणाले, "आमच्या भट्टीत विमान कसं घालणार? त्यात पोलाद किती? आणि भट्टीला तू शिक्षा का समजतोस?"

हा प्रश्न मला कळायला दोन दिवस लागले. भिलाईत वाढलेल्या मुलाला भंगार म्हणजे शिवी वाटत नाही. कन्व्हर्टरमध्ये आधी भंगार टाकतात, त्यावर वितळलेले लोखंड ओततात, आणि त्यातून जे पोलाद निघते त्याचे रूळ होतात. कोणाच्या तरी जुन्या लोखंडावरून आपली रेल्वे धावते. इथल्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन ४ फेब्रुवारी १९५९ ला झाले. १९५५ च्या सोव्हिएत युनियनबरोबरच्या कराराने हा कारखाना आला. मरोद्याची मैत्री बाग त्याच मैत्रीची खूण आहे. मिग-२१ सुद्धा त्याच मैत्रीतून आले आणि पुढे नाशिकजवळच्या ओझरला सहाशेहून अधिक मिग तयार झाली. म्हणजे आमचे गाव आणि ते विमान लांबचे भाऊ म्हणायला हरकत नाही. म्हणूनच त्याची चौकातली दशा मला जास्त लागली.

विक्रांतचे उदाहरण घ्या. १९६१ मध्ये नौदलात आलेल्या या विमानवाहू जहाजावरच ती सी हॉक आणि अलिझे होती. १९७१ च्या युद्धात तिच्या चारपैकी एका बॉयलरला तडे गेले होते, त्यामुळे वेग कमी ठेवावा लागत होता. विमान जहाजावरून उडवायचे तर समोरून जोराचा वारा लागतो, आणि वारा कमी असेल तर तो जहाजाच्या वेगाने भरून काढावा लागतो. वेगच कमी, तर उड्डाण अवघड. तरीही ४ डिसेंबरला सी हॉक उडाली आणि त्यांनी कॉक्स बाजारवर हल्ला केला. यात वैमानिकांचे धाडस आहेच, पण खाली बॉयलर रूममध्ये घाम गाळणाऱ्यांचेही आहे. त्यांचे फोटो क्वचितच दिसतात. त्याच युद्धात अरबी समुद्रावर एक अलिझे शत्रूच्या जेट विमानाला बळी पडले. त्यातले तिघे परत आले नाहीत.

१९९७ मध्ये विक्रांत निवृत्त झाली. २००१ पासून मुंबईत ती संग्रहालय म्हणून लोकांना पाहायला मिळत असे. मग तिचा सांगाडा धोकादायक झाला, २०१२ मध्ये ती बंद करावी लागली, आणि २०१४ मध्ये लिलाव होऊन ती दारूखान्यात तोडली गेली. अनेकांनी विरोध केला, प्रकरण न्यायालयातही गेले. मलाही आधी वाचून रडू आले होते. पण तिच्या पोलादातला काही भाग बजाजच्या मोटारसायकलींत गेला. आणि २ सप्टेंबर २०२२ ला कोचीला जी नवी विक्रांत नौदलात आली, तिच्या पोलादात आमच्या भिलाईचाही वाटा आहे. जुनी विक्रांत तोडली गेली म्हणून विसरली गेली नाही. चौकातले विमान उभे असूनही विसरले गेले आहे. तेव्हा वस्तू उभी असणे आणि आठवण जिवंत असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

माझ्या डॉर्ममधल्या मित्राचा यावर आक्षेप आहे, आणि तो खरा आहे. तो म्हणतो, "सहावीतला मुलगा तुझी भाषणं ऐकून पायलट होणार नाही, विमान बघून होईल." मान्य. मी स्वतः सात वर्षांचा असताना एका जुन्या विमानाच्या चाकाला हात लावला होता, आणि आज या गणवेशात आहे. म्हणूनच मी म्हणतो की सहावीतल्या मुलाला दाखवायचेच, तर पिचकाऱ्यांचे विमान दाखवू नका. त्यातून तो एवढेच शिकेल की देशासाठी झिजलेल्याला आपण शेवटी चौकात सोडून देतो.

जुने विमान जपता येते, हेही खरे. आपल्या हवाई दलाकडे एक डकोटा आहे. ब्रिटनमध्ये दुरुस्त करून ते २०१८ मध्ये भारतात उडत आणले गेले. त्याचे नाव परशुराम, आणि अंगावर व्हीपी ९०५ हा क्रमांक आहे. २७ ऑक्टोबर १९४७ ला १ शीख पलटणीचे जवान घेऊन श्रीनगरला उतरलेल्या डकोटाचा तो क्रमांक. ते उडते, कारण त्याच्यामागे दररोज हात राबतात. बोगमाळोची विमाने उडत नाहीत, पण तिथेही कोणाच्या तरी हातात फडके आहे.

आपल्या हातात काय आहे? मित्रांनो, परेड ग्राउंडच्या कोपऱ्यातली तोफ आठवा. ती कोणत्या बनावटीची, कोणत्या पलटणीची, कोणत्या लढाईत होती? मी सुट्टीहून आल्यावर अकरा जणांना विचारले. एकालाही सांगता आले नाही. मलाही माहीत नव्हते. चार वर्षांत मी तिच्यावर बसून किमान दहा फोटो काढले आहेत. तिच्या फलकावर चुना सांडलेला आहे आणि नळीत मागच्या वर्षीचे चॉकलेटचे कागद. आपण किट इन्स्पेक्शनच्या आधी ब्रासो लावून बक्कल आरशासारखे करतो, कारण उस्ताद तपासतात. तोफ कोणी तपासत नाही. मग ज्यांना एक तोफ सांभाळता आली नाही, त्यांनी विमान कोणत्या तोंडाने मागायचे?

म्हणून माझी सूचना अशी. अर्ज एक वर्ष थांबवावा. या वर्षात तोफेची जबाबदारी हाउसप्रमाणे वाटून घ्यावी, प्रत्येक हाउसकडे तीन महिने. एक वही ठेवावी: कधी पुसली, कधी रंग दिला, कुठे गंज दिसला, कोणी पाहिला. इतिहासाच्या सरांच्या मदतीने तिची खरी माहिती शोधून फलक नव्याने लिहावा. त्यावर तोफ चालवणाऱ्यांबरोबर ती दुरुस्त ठेवणाऱ्यांचाही उल्लेख असावा. वर्षाच्या शेवटी वही भरलेली असेल, तर ती वहीच अर्जाला जोडून पाठवावी. शेडचा खर्च आणि देखभालीची योजनाही सोबत द्यावी. मग त्या अर्जावर पहिली सही माझी. वही कोरी राहिली, तर विमान मागू नये. ते जिथे नीट राहील तिथे जाऊ द्यावे.

पालकांनाही विनंती आहे. भेटीच्या रविवारी मुलाचा तोफेवर बसवून फोटो काढण्याआधी त्याला एकदा विचारा, "ही कुठली रे?" त्याला उत्तर येत नसेल तर फोटो पुढच्या महिन्यात काढा.

मी जे मागतो आहे ते कंटाळवाणे आहे याची मला कल्पना आहे. विमान येणार म्हटले की टाळ्या पडतात, वही ठेवू म्हटले की जांभया येतात. माझ्या हाउसमध्ये सूचना मांडली तेव्हा तिघेच तयार झाले. तिघे पुरतील. येत्या रविवारी सकाळी पीटीनंतर आम्ही तोफेजवळ असू. बादली आणि फडकी आम्ही आणतो आहोत. ज्यांना ही सूचना पटत नाही त्यांनीही यावे, वाद पुसता पुसता घालता येईल.